गाडी तापते, पण नेमकी कधी?

प्रश्न : वाहतूक कोंडीत गाडी उभी राहिली की तापमानाचा काटा चढतो, रस्ता मोकळा मिळाला की उतरतो. गॅरेजवाले म्हणतात, थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की कूलंटला, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाला, रेडिएटरकडची वाट उघडून देणारी झडप) काढून टाका, कटकट मिटेल. काढू का?

उत्तर : नका काढू. दोष कुठे आहे ते तुम्हीच लिहिलंय. गाडी पळत असते तेव्हा समोरचा वारा रेडिएटर थंड ठेवतो, थांबली की ते काम पंख्याचं. इंजिन सुरू ठेवून एसी लावा. बहुतेक गाड्यांत पंखा थोड्याच वेळात फिरू लागतो. नाही फिरला तर आधी फ्यूज, मग रिले (पंख्याची वीज चालू-बंद करणारा स्विच), मग कनेक्टर आणि शेवटी मोटर. मोटर महाग, म्हणून काही गॅरेजांत नेमकी तिथूनच सुरुवात होते! एसीवर फिरतो पण एरवी इंजिन तापलं तरी ढिम्म, असं असेल तर तापमानाचा सेन्सर आणि त्याची वायर बघा. हात मात्र लांब ठेवा, इंजिन बंद केल्यावरही हा पंखा अचानक सुरू होऊ शकतो. पंखा ठीक निघाला तर रेडिएटर आणि एसी कंडेन्सरच्या फटीत माती-किडे अडकलेत का पाहा.

थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असता तर मोकळ्या रस्त्यावरही काटा उतरला नसता. तो साधारण ८२ ते ९० अंशांना उघडतो. काढलात तर इंजिन हवं तितकं तापणारच नाही, इंधन जास्त जाळेल आणि झिजेलही. शंकाच असेल तर बाहेर काढून उकळत्या पाण्यात बुडवा. उघडला तर बिचारा निर्दोष.

प्रश्न : कूलंट सारखं कमी होतं, खाली मात्र थेंबही नाही.

उत्तर : आधी रेडिएटरची कॅप बदला, खर्च किरकोळ आहे. निम्मं कूलंट, निम्मं पाणी हे मिश्रण उघड्यावर १०७ अंशांच्या आसपास उकळतं. कॅप दाब धरून ठेवते म्हणून तो बिंदू १२५च्या पुढे जातो. सील गेलं की वाफ निसटते. कॅप इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच उघडायची. मग वॉटर पंपाखाली वाळलेले रंगीत डाग शोधा. गाडीच्या आत गोडसर वास आणि पायाखालचं मॅट ओलं, तर हीटरचा कोअर (आतली हवा गरम करणारा छोटा रेडिएटर) गळतोय. इंजिन चालू असताना कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे आणि सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर धूर दिसला, तर हेड गॅस्केटचा (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांमधल्या सीलचा) संशय धरा. अशी गाडी चालवत नेऊ नका, टो करून न्या.