भाडेकरूने तीन महिने भाडं दिलेलं नाही, वीज तोडू का?

तोडू नका. राग समजतो, कारण मीही यातून गेलोय. एकच घर भाड्याने दिलेलं, त्यावर कर्जाचा हप्ता, आणि भाडं आलं नाही म्हणून हप्ता काही थांबत नाही. पण वीज-पाणी बंद करणं, परस्पर कुलूप बदलणं, सामान बाहेर काढणं हे बहुतेक देशांत बेकायदेशीर आहे. भाडं थकवलं त्याने आणि उत्तरं देत बसाल तुम्ही.

माझ्याकडे पहिल्या महिन्यात "पगार लांबलाय" झालं. दुसऱ्या महिन्यात निम्मे पैसे आले. मला हायसं वाटलं, पण ते कोणत्या महिन्याचे हे त्याने लिहिलं नाही, मीही नाही. पुढे त्यावरूनच वाद. तिसऱ्या महिन्यात मेसेजवर निळ्या खुणा यायच्या, उत्तर नाही. दोन महिन्यांचं डिपॉझिट हातात आहे म्हणून मी निवांत होतो, हीच घोडचूक. भाड्यात डिपॉझिट संपलं की मोडलेला नळ दुरुस्त करायलाही काही उरत नाही.

तुमचं तर ते बहुधा संपलंच असेल. आजच महिनावार थकबाकी एका कागदावर मांडा आणि रीतसर लेखी नोटीस पाठवा, पोच ठेवा. नोटिशीची मुदत नि पद्धत कायद्याने ठरलेली असते, काही ठिकाणी एक दिवस कमी पडला तरी सगळं पहिल्यापासून. वकिलावर खर्च करायचा तर इथे करा. नोटिशीनंतर त्याने भाडं पाठवलं तर ते घेण्याआधीही वकिलालाच विचारा. काही ठिकाणी ते घेतलं की नोटीस सोडून दिली असं धरतात.

बोलणं मात्र तोडू नका. खरंच अडचणीत असलेला माणूस आकडा आणि तारीख सांगतो, त्या दिवशी थोडे का होईना देतो. त्याला हप्ते बांधून द्या, लिहून. "बघतो, करतो" म्हणणाऱ्याकडून पैशांची आशा सोडा आणि ताबा मागा. दावा किती चालेल याचा भरवसा नसतो. कोविडच्या काळात, २०२० मध्ये, कित्येक देशांनी भाडेकरूंना बाहेर काढण्यावरच बंदी घातली होती.

मी शेवटी त्याला सांगितलं, महिनाअखेर घर रिकामं कर, थकबाकी सोडली, वर सामान हलवायच्या गाडीचे पैसे माझे. बायको म्हणाली, हे म्हणजे चोराला बक्षीस. असेल. पण पुढच्या महिन्यात घरात नवा भाडेकरू होता.

गाडीचे पैसे किल्ली हातात पडल्यावरच दिले. त्याआधी मीटरचं रीडिंग घेतलं, प्रत्येक खोलीचे फोटो काढले, ताबा दिल्याची सही घेतली. स्वयंपाकघरातला बल्बसुद्धा काढून नेला होता पठ्ठ्याने. तेवढं मी बोललो नाही.