शंका-समाधान : चलाचा लोप करताना

प्रश्न : ३क्ष − ४य = १० आणि ५क्ष + ६य = ४ ही एकसामयिक समीकरणे सोडवताना पहिल्याला ५ ने, दुसऱ्याला ३ ने गुणून वजाबाकी केली. य = −१९ आणि मग दुसऱ्या समीकरणावरून क्ष = २३.६ मिळाले. दुसऱ्या समीकरणात ताळाही जुळतो. पुस्तकात मात्र उत्तर (२, −१) आहे. असे कसे?

उत्तर : पुस्तक बरोबर आहे. गुणाकारानंतरची तुमची समीकरणे १५क्ष − २०य = ५० आणि १५क्ष + १८य = १२ असणार; इथवर सगळे ठीक. वजा करताना −२०य − १८य = −३८य यायला हवे होते. तुम्ही १८य चे चिन्ह न बदलता −२य लिहिले, उजवीकडे मात्र ५० − १२ = ३८ नीट केले. म्हणून −३८य = ३८ च्या जागी −२य = ३८ आले. खालच्या समीकरणातल्या प्रत्येक पदाखाली, स्थिरपदाखालीसुद्धा, बदललेले चिन्ह लिहा आणि मग सरळ बेरीज करा.

आता ताळ्याचे. क्ष ज्या समीकरणातून काढला, त्यातच ताळा पाहिला तर य कितीही चुकलेला असो, तो जुळणारच! पहिल्या समीकरणात किमती घातल्या असत्या तर डावी बाजू १० ऐवजी १४६.८ आली असती.

खरे तर इथे य चा लोप सोपा होता. त्याच्या सहगुणकांची चिन्हे विरुद्ध आहेत आणि ४ व ६ चा लसावि १२. पहिल्याला ३ ने, दुसऱ्याला २ ने गुणून बेरीज केली की १९क्ष = ३८. वजाबाकीची भानगडच नाही.

प्रश्न : लोप करताना दोन्ही चले उडाली आणि ० = ० उरले. आता उत्तर काय लिहायचे?

उत्तर : अनंत उकली. २क्ष − ३य = ५ आणि ४क्ष − ६य = १० या दोन समीकरणांची रेषा एकच आहे. दुसरीकडे १० ऐवजी ९ असते तर ० = १ असे काही उरले असते; तेव्हा रेषा समांतर, उकल नाही. ‘क्ष = ०, य = ०’ लिहू नका.

प्रश्न : ०.०००१क्ष + य = १ आणि क्ष + य = २. दर पायरीला तीनच सार्थ अंक (पहिल्या शून्येतर अंकापासून मोजलेले) ठेवले तर क्ष = ० येतो. पद्धत चुकली का?

उत्तर : पद्धत नाही, क्रम चुकला. पहिल्या समीकरणाच्या आधाराने क्ष घालवायचा तर त्याला १०००० ने गुणावे लागते. वजाबाकीनंतर −९९९९य = −९९९८ येते, आणि तीन अंकांत दोन्हीकडे −१०००० होऊन य = १ ठरतो. खरा य ०.९९९९ च्या आसपास आहे. फरक नगण्य वाटतो, पण क्ष काढताना १ − य ला ०.०००१ ने भागायचे आहे, त्यामुळे तो दहा हजार पटींनी वाढतो. समीकरणांची अदलाबदल करून क्ष + य = २ वर घ्या. आता गुणक ०.०००१ लागतो, य = १ आणि क्ष = १ मिळतात; खरा क्ष सुमारे १.०००१ आहे. संगणकाच्या प्रोग्रॅममध्येही लोप करण्याआधी त्या चलाचा सर्वांत मोठा सहगुणक (चिन्ह न धरता) असलेली ओळ वर आणतात, ती याचसाठी.