अमेरिकेतील ग्रामीण मालवाहू रेल्वेमार्ग बंद होऊ लागल्यास स्थानिक लोक तो वाचवू शकतात का?

होय, परंतु निवेदनांपेक्षा तेथे पैसा आणि माल यांनाच अधिक वजन असते. मार्ग कायमचा सोडण्यापूर्वी रेल्वे कंपनीला ‘सरफेस ट्रान्सपोर्टेशन बोर्ड’ या संघराज्य मंडळाची परवानगी किंवा सूट घ्यावी लागते. त्याच टप्प्यावर आर्थिकदृष्ट्या सक्षम असा कोणीही, मग ती शेतकऱ्यांची सहकारी संस्था का असेना, मार्ग विकत घेण्याचा किंवा तोटा भरून देण्याचा प्रस्ताव मांडू शकतो आणि किमतीवर एकमत न झाल्यास ती मंडळ ठरवून देते. विकत घेणाऱ्याला पुढची २ वर्षे सेवा थांबवता येत नाही.

मात्र २ वर्षे स्थानिक माल गेलाच नसेल, तर कंपनीला सूट सहज मिळते. म्हणून थोडी का होईना, वाहतूक चालू ठेवणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

विकत घेतलेला मार्ग दुसऱ्या कंपनीकडून चालवून घेता येतो. रूळ एकाचे आणि गाडी दुसऱ्याची, ही व्यवस्था कोल्हापूरकरांना नवी नाही. १८९१ मध्ये सुरू झालेला कोल्हापूर–मिरज मार्ग संस्थानाच्या मालकीचा होता, पण चालवीत असे सदर्न मराठा रेल्वे. साउथ डकोटा राज्यानेही १९८० नंतर ‘मिलवॉकी रोड’ या दिवाळखोर रेल्वे कंपनीचे मार्ग विकत घेऊन ‘बर्लिंग्टन नॉर्दर्न’ या दुसऱ्या रेल्वे कंपनीकडे चालवायला दिले.

खरी अडचण खरेदीनंतर सुरू होते, कारण आजच्या भरलेल्या वॅगनचे वजन सुमारे १३० टनांपर्यंत जाते आणि जुने हलके रूळ व लाकडी पूल तेवढा भार पेलत नाहीत.