नादार ठरल्याची नोंद कायम सर्वांना दिसत राहावी का?

आपल्या वडिलांना न्यायालयाने नादार, म्हणजे दिवाळखोर, ठरवले, पुढे त्यांची कर्जातून मुक्तताही झाली, तरी ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर नाव टाकताच ते प्रकरण दिसते. ते काढता येईल का, असा आपला प्रश्न आहे. मी वकील नाही, मात्र स्वतः नादार ठरलेला माणूस आहे.

वागळे इस्टेटमध्ये माझा साचे बनवण्याचा लहानसा कारखाना होता. मोठ्या गिऱ्हाइकाने बिले थकवल्यावर २०११ मध्ये मी स्वतःला नादार ठरवून घेण्यासाठी ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात अर्ज केला. नादार ठरलेल्याचे नाव आणि पत्ता राजपत्रात छापतात, आणि त्यात मला काही गैर वाटले नाही, कारण ज्यांचे पैसे अडकले त्यांना ते कळायलाच हवे. थोरल्या बंधूंचे म्हणणे वेगळे होते: ओळखीच्यांचे आधी गुपचूप भागव, बाकीच्यांचे मागाहून पाहू. कायदा नेमके हेच करू देत नाही. गावच्या बागेतील माझा वाटा न्यायालयाने नेमलेल्या रिसिव्हरने विकला, पैसा सर्व धनकोंत, म्हणजे ज्यांचे देणे होते त्यांच्यात, वाटला गेला, आणि बागेत परका माणूस आला म्हणून बंधूंनी मला आजवर क्षमा केलेली नाही.

२०१४ मध्ये माझी मुक्तता झाली. काही वर्षांनी सोसायटीच्या वार्षिक सभेत खजिनदारपदासाठी माझे नाव सुचवले गेले, तेव्हा एका सभासदाने २०११ च्या आदेशाची छापील प्रत मोठ्याने वाचून दाखवली. मुक्ततेचा अर्ज वेगळ्या क्रमांकाने नोंदलेला असल्यामुळे तो त्याला दिसला नाही, किंवा त्याने पाहिला नाही. पहिल्या रांगेत बसलेले बंधू गप्प राहिले आणि घरी आल्यावर म्हणाले, ‘मी तेव्हाच सांगत होतो.’

माझे मत स्पष्ट आहे: मुक्ततेनंतर नावाने शोध घेण्याची सोय बंद झाली पाहिजे. बँकांना हवी ती माहिती पतमाहिती कंपन्यांकडून, म्हणजे लोकांच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपन्यांकडून, मिळते, आणि त्यांच्याविषयीच्या २००५ च्या कायद्यामुळे तो अहवाल शेजाऱ्याला मागवता येत नाही. मग न्यायालयाचा आदेशच तेवढा शेजाऱ्याच्या मोबाइलवर कशासाठी? नाव झाकण्यासाठी उच्च न्यायालयात जाता येते आणि खासगीपणाविषयीचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निकाल तेथे आधाराला घेता येतो, परंतु वेगवेगळ्या उच्च न्यायालयांनी याबाबत वेगवेगळी भूमिका घेतलेली असल्यामुळे भरवसा देता येणार नाही. त्याआधी मुक्ततेच्या आदेशाची प्रमाणित प्रत काढून ठेवा, आणि घरातलेच कोणी वडिलांना ‘कोर्टात गेलात म्हणून नाव गेले’ असे म्हणत असेल, तर ती प्रत प्रथम त्या माणसासमोर ठेवा.

एक गोष्ट मान्य करायला हवी. माझ्या पोलादाच्या व्यापाऱ्याला रुपयामागे चाळीस पैसेच मिळाले. पुन्हा उधारी देण्यापूर्वी त्याने माझा इतिहास शोधला, तर त्याच्यावर रागावण्याचा अधिकार मला नाही.

माझी प्रत मी लॅमिनेट करून घेतली आहे. बंधूंपुढे ती दोनदा धरली. दोन्ही वेळा चष्मा सापडत नसल्याचे त्यांनी सांगितले.