वाचकांचे प्रश्न : नव्या स्पोर्ट्स कारला इंजिन कुठलं?

प्रश्न : २०१२मध्ये टोयोटा ८६ आली तेव्हापासून लोक टर्बो मागत होते, मग दुसऱ्या पिढीत टर्बो न देता इंजिनच मोठं का केलं? सुबारूकडे टर्बो नव्हता का?

उत्तर : होता की! ८६ टोयोटा आणि सुबारूने मिळून केलेली, इंजिन सुबारूचं. नव्या ८६एवढ्याच २.४ लिटरचं टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) इंजिन सुबारूच्या असेंट एसयूव्हीत २०१८पासून होतं. पण आधी लोकांचं दुखणं नेमकं काय होतं ते बघा. जुन्या २ लिटर इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, २०५ न्यूटन-मीटर, तोही पूर्ण मिळायचा ६४०० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे), आणि मधे साधारण ३५०० ते ४५००च्या पट्ट्यात तो चक्क खाली यायचा, म्हणजे वळणातून बाहेर पडताना तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर दाबताय आणि गाडी नेमकी तिथेच ढेपाळतेय. लोक मागत होते टर्बो, पण खुपत होता तो खड्डा. मग बोअर (सिलिंडरचा व्यास) ८६ मिमीवरून ९४ केला, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८६च ठेवला, आणि टॉर्क झाला २५०, तोसुद्धा ३७०० आरपीएमला! जिथे खड्डा होता बरोबर तिथेच भर घातली.

टर्बो लावला असता तर इंटरकूलर आला, पाइपिंग आलं, जास्तीचं कूलिंग आलं, वाढलेला टॉर्क झेलणारा गिअरबॉक्स आला, मग ब्रेक मोठे, टायर रुंद, आणि हे सगळं धरून गाडी जड होणार आणि महागही होणार. वर टोयोटाच्याच शोरूममध्ये २ लिटर टर्बोवाली सुप्रा उभी होती, तिच्याशी स्वतःच्याच धाकट्या गाडीची भांडणं कोण लावेल? ८६चं गिऱ्हाईक पहिली स्पोर्ट्स कार घेणारं असतं, त्याला परवडणारी, हलकी, मागची चाकं फिरवणारी गाडी हवी असते. मला हा निर्णय मनापासून पटतो, आणि गेल्या काही वर्षांतला या धंद्यातला सगळ्यात शहाणा निर्णय वाटतो.

प्रश्न : पोर्शेने २०१६मध्ये बॉक्स्टर-केमनला टर्बो फोर-सिलिंडर दिलं, पॉवर वाढली तरी लोक नाराजच. असं का?

उत्तर : कारण कागदावर सगळं वाढलं आणि कानाला सगळं कमी झालं. आधीच्या बेस बॉक्स्टरमध्ये २.७ लिटर फ्लॅट-सिक्स (आडवे झोपवलेले सहा सिलिंडर), २६५ पीएस (म्हणजे हॉर्सपॉवर). नव्या, ७१८ नावाच्या बॉक्स्टरमध्ये २ लिटर फोर, ३०० पीएस. एस व्हेरिएंटलासुद्धा ३१५चे ३५० झाले, खालचा टॉर्क भरपूर, गाडी खरोखरच जास्त वेगवान. पण मिड-इंजिन गाडीत इंजिन तुमच्या पाठीमागे हातभर अंतरावर असतं हो, तिथून येणारा आवाज आणि आरपीएम चढत जाताना पॉवर हळूहळू फुलत जाणं, यासाठीच तर लोक ही गाडी घेतात. रोज ऑफिसला जायला कुणी टू-सीटर घेत नाही.

कंपनीची बाजूही समजून घ्या. युरोपात सीओटूचे नियम, आणि चीनमध्ये इंजिन जितकं मोठं तितका टॅक्स जास्त, तिथे २ लिटरच्या आतलं इंजिन आणि ३ लिटरच्या वरचं इंजिन यांच्या टॅक्समध्ये मोठी तफावत आहे. हे काही नवीन नाही, इटलीत २ लिटरच्या वर जबर टॅक्स होता म्हणून फेरारीने १९८२मध्ये २०८ टर्बो काढली होती. इंजिनाचा आकार बऱ्याचदा इंजिनिअरच्या आधी टॅक्सवाला ठरवतो.

पुढे पोर्शेने काय केलं बघा. २०१९ला जीटी४ आणि स्पायडर या वरच्या मॉडेलांमध्ये ४ लिटर एनए (बिनटर्बोचं) फ्लॅट-सिक्स, ४२० पीएस, आणि २०२०ला तेच इंजिन जीटीएसमध्ये ४०० पीएसवर, म्हणजे जीटीएसमधला ३६५ पीएसचा टर्बो फोर काढून. बेसला फोर राहिलं, आणि आवाज हवा तर वरचे पैसे मोजा. धंदा म्हणून चोख, पण मला यात वाईट एवढंच वाटतं की जी गोष्ट आधी सगळ्यात स्वस्त बॉक्स्टरमध्ये मिळायची ती त्यानंतर फक्त वरच्यांना मिळाली.

प्रश्न : सुप्रात बीएमडब्ल्यूचं इंजिन आहे, मग ती खरी सुप्रा म्हणायची का?

उत्तर : म्हणायची, बिनधास्त. टोयोटाकडे त्या वेळी नवं इनलाइन-सिक्स नव्हतंच आणि चीफ इंजिनिअर तेत्सुया तादा यांना सुप्रात सहा सिलिंडर एका ओळीतच हवे होते. एका कमी खपाच्या गाडीसाठी नवं इंजिन उभारायचं तर हिशोब कधीच जुळला नसता. म्हणून बीएमडब्ल्यूचं बी५८ इंजिन घेतलं, त्यांच्याच झेड४ स्पोर्ट्स कारसोबत प्लॅटफॉर्म वाटून घेतला, दोन्ही गाड्या ऑस्ट्रियात ग्रात्झला एकाच कारखान्यात बनल्या. भागीदारी नसती तर सुप्राच नसती. मॅन्युअल गिअरबॉक्स मात्र २०२२पर्यंत दिला नाही, ते चुकलंच.

प्रश्न : पुढच्या पिढीत हायब्रिड येणारच असेल तर कसं असावं?

उत्तर : छोटं. मर्सिडीजच्या एएमजी सी६३मध्ये व्ही८ (आठ सिलिंडरचं इंजिन) काढून २ लिटर टर्बो आणि इलेक्ट्रिक मोटर मिळून ६८० पीएस दिले, पण गाडी गेली २ टनांच्या वर आणि गिऱ्हाईक व्ही८ शोधत राहिलं. उलट २०२४ची पोर्शे ९११ जीटीएस बघा. बॅटरी फक्त १.९ किलोवॅट-अवरची, एक मोटर गिअरबॉक्समध्ये आणि एक थेट टर्बोच्या शाफ्टवर, ती टर्बोला एक्झॉस्टची वाट बघायला न लावता फिरवते म्हणून लॅग (टर्बो जागा होईपर्यंतचा उशीर) जवळपास जातो, आणि वाढलेलं वजन ५० किलोच्या आसपास. निव्वळ विजेवर ही गाडी चालतच नाही, आणि तिला ते करायचंही नाहीये. छोट्या दोनसीटरमध्ये हीच पद्धत स्वस्तात कुणी आणली तर पहिली टेस्ट ड्राइव्ह घ्यायला मी रांगेत उभा राहीन.