तिथले गव्हर्नर पाठिंबा मागतात, आपले राज्यपाल निवेदनं घेतात

वाचकांचे प्रश्न, एका निवृत्त राज्यशास्त्र प्राध्यापकाची उत्तरं (धुळे)

प्रश्न : सर, माझी मुलगी आणि जावई टेक्सासमध्ये ऑस्टिनजवळ असतात. जावई सांगत होते, २०२५ च्या फेब्रुवारीत तिथल्या गव्हर्नरांनी भाषण करून सात विषयांची यादी दिली. पाणी, घरपट्टी, शिक्षकांचे पगार, खासगी शाळेसाठी सरकारी पैसा, असं बरंच काही. हे कायदे मला आधी करून द्या, असं विधिमंडळाला सांगितलं. लोकांकडेही पाठिंबा मागतात म्हणे. आपले राज्यपालसुद्धा बजेट अधिवेशनात "माझे शासन, माझे शासन" करत मोठं भाषण वाचतात. मग ते आपल्याला कधी का विचारत नाहीत? — एक निवृत्त बँक कर्मचारी, चोपडा

उत्तर : काका, जावयांची माहिती पक्की आहे. फक्त दोन्ही भाषणं एका जातीची नाहीत.

टेक्सासचं विधिमंडळ दोन वर्षांतून एकदा, विषम सालात भरतं, तेही १४० दिवसांसाठी. त्यातले पहिले ६० दिवस बहुतेक विधेयकांवर मतदान घेता येत नाही. गव्हर्नर ज्या विषयांवर 'तातडीचा' शिक्का मारतील, तेवढेच आधी घेता येतात. त्यामुळे गव्हर्नर ग्रेग ॲबट यांची ती यादी नुसती इच्छा नव्हती, दिवस वाचवणारी चावी होती. (तिथल्या आमदाराला महिन्याला ६०० डॉलर पगार असतो. हे आपल्या आमदारांना वाचून दाखवू नका.)

पण यादी दिली म्हणून कायदा होत नाही. गव्हर्नरांना स्वतः विधेयक मांडता येत नाही, कुणीतरी सदस्य गाठावा लागतो. सिनेटच्या, म्हणजे वरच्या सभागृहाच्या, अध्यक्षस्थानी लेफ्टनंट गव्हर्नर बसतात, ते वेगळे निवडून येतात आणि गव्हर्नरांच्या हाताखाली नसतात. मग गव्हर्नरांच्या हातात काय राहतं? नकाराधिकार, विशेष अधिवेशन बोलावण्याचा अधिकार आणि लोक.

खासगी शाळेच्या पैशाचीच गोष्ट घ्या. २०२३ मध्ये ॲबट त्यासाठी शाळाशाळांतून पालकांच्या सभा घेत फिरले. विशेष अधिवेशनं बोलावली. तरी नोव्हेंबरमध्ये प्रतिनिधीगृहाने ८४ विरुद्ध ६३ मतांनी ती तरतूद विधेयकातून काढून टाकली, आणि काढणाऱ्यांत त्यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे २१ जण होते. बहुतेक ग्रामीण भागातले. त्यांचं म्हणणं आपल्याला लगेच कळेल. शिंदखेडा तालुक्यातल्या एखाद्या गावात जिल्हा परिषदेची शाळा हीच एक शाळा असते, तसं तिकडच्या छोट्या गावांत सरकारी शाळाच शाळा असते, आणि गावातल्या निम्म्या नोकऱ्याही तिच्यातच. तिचा पैसा दुसरीकडे वळवायला तिथला आमदार कसा तयार होणार?

ॲबट यांनी पुढचं पाऊल टाकलं ते मोठं कठोर होतं. २०२४ च्या पक्षांतर्गत निवडणुकीत त्यांनी आपल्याच पक्षाच्या या विरोधकांसमोर दुसरे उमेदवार उभे केले, त्यांचा प्रचार केला. या मोहिमेसाठी पेन्सिल्व्हेनियातल्या एका गुंतवणूकदाराने त्यांना ६० लाख डॉलर दिले होते. विरोधकांपैकी बरेच पडले. नव्या सभागृहाने विधेयक मंजूर केलं आणि ३ मे २०२५ रोजी ॲबट यांनी सही केली. पहिल्या वर्षासाठी तरतूद १०० कोटी डॉलरची. तेव्हा "लोकांकडे पाठिंबा मागतात" यात पालकांच्या सभाही आल्या, परराज्यातला पैसाही आला आणि नाही म्हणणाऱ्याचं तिकीट कापणंही आलं. मला स्वतःला हा शेवटचा भाग आवडत नाही. पण माणूस निवडून आलेला आहे, पुन्हा मतदारांसमोर जाणार आहे, म्हणून त्याला हे सगळं करता येतं, आणि करावंही लागतं.

आपल्या राज्यपालांना कोणी मत दिलेलं नसतं. अनुच्छेद १५५ प्रमाणे राष्ट्रपती त्यांना नेमतात, १५६ प्रमाणे राष्ट्रपतींची मर्जी असेतोवर ते राहतात आणि १६३ प्रमाणे मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. तुम्ही म्हणता ते भाषण १७६ खालचं. दरवर्षीच्या पहिल्या अधिवेशनात आणि निवडणुकीनंतर ते द्यावंच लागतं, पण त्यातलं अक्षर न् अक्षर मंत्रिमंडळाने मंजूर केलेलं असतं. आवाज राज्यपालांचा, यादी मुख्यमंत्र्यांची. म्हणून कधीकधी गमती होतात. ३ मार्च २०२२ ला भगतसिंह कोश्यारी घोषणाबाजीत भाषण अर्धवट टाकून काही मिनिटांत सभागृहातून निघून गेले. जानेवारी २०२३ मध्ये तमिळनाडूत आर. एन. रवी यांनी छापील भाषणातला काही मजकूर वगळला, त्यावरून तिथल्या सरकारने आक्षेप घेतला आणि तेही बाहेर पडले.

आपल्या बोदवड तालुक्यातल्या नाडगावच्या प्रतिभाताई पाटील नोव्हेंबर २००४ पासून राजस्थानच्या राज्यपाल होत्या. तिथल्या विधानसभेने केलेलं धर्मांतरविरोधी विधेयक त्यांनी २००६ मध्ये परत पाठवलं. मूलभूत हक्कांवर गदा येते, असा त्यांचा आक्षेप होता. आक्षेप लेखी कळवला, तेवढंच. त्यासाठी जयपूरला सभा घेतली नाही की लोकांना "आमदाराला फोन करा" म्हणाल्या नाहीत. आपल्या चौकटीत राज्यपालांनी वागायचं ते असं.

तर काका, पाठिंबा मागायचं काम आपल्याकडे मुख्यमंत्र्यांचं आहे. आणि लोकांचं म्हणणं मांडण्याची जागा विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीसमोर. जनसुरक्षा विधेयकावर अशा समितीकडे बारा हजारांवर सूचना आणि हरकती गेल्या. विधेयकात काही बदल झाले आणि जुलै २०२५ मध्ये ते दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. बदल पुरेसे होते का, यावर आमच्या कट्ट्यावर अजून वाद आहे.

प्रश्न : सर, मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. विधेयक राज्यपालांकडे किती दिवस राहू शकतं? एका क्लासमध्ये तीन महिने सांगितले, दुसऱ्यात "मुदत नाही" सांगितलं. — एक विद्यार्थिनी, शहादा

उत्तर : बेटा, दोन्ही क्लास आपापल्या तारखेपुरते बरोबर. ८ एप्रिल २०२५ ला तमिळनाडूच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी मुदती घालून दिल्या आणि अडकलेली दहा विधेयकं मंजूर झाली असं धरलं. त्यावर राष्ट्रपतींनी न्यायालयाचं मत मागवलं. २० नोव्हेंबर २०२५ ला पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की न्यायालय अशी ठरावीक मुदत लादू शकत नाही आणि 'मंजूर झालं असं धरणं' हा प्रकार घटनेत नाही. मात्र कारण न देता विधेयक दीर्घकाळ दाबून ठेवलं तर निर्णय घ्या एवढं न्यायालय सांगू शकतं. परीक्षेत आता हे लिही. अनुच्छेद २०० मधले शब्द आहेत "शक्य तितक्या लवकर".

वरच्या काकांच्या टेक्सासमध्ये अधिवेशन चालू असताना १० दिवस, संपल्यावर २० दिवस. त्यात सही नाही, नकार नाही, तर विधेयक आपोआप कायदा. आपल्या घटनेत तसं का नाही, हा निबंधाचा विषय आहे, मी लिहून देणार नाही.

विधेयक नव्हे, पण अडून राहण्याचा आपल्याकडचा नमुना म्हणजे विधान परिषदेच्या बारा नामनियुक्त जागा. नोव्हेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने राज्यपालांकडे नावं पाठवली. जून २०२२ मध्ये सरकार पडलं तोवर त्यावर हो नाही की नाही नाही.

प्रश्न : आमच्याकडे कोणताही मोर्चा निघाला की शेवटी निवेदन देतात, "प्रति, मा. राज्यपाल महोदय, मार्फत मा. तहसीलदार". फोटो निघतो, पेपरात येतो. पुढे त्या कागदाचं काय होतं? आपलं कोन ऐकस? — ग्रामसभेचा एक कार्यकर्ता, धडगाव

उत्तर : भाऊ, हे पत्र वाचून मला बरं वाटलं. कारण राज्यपालांना लिहायचा सगळ्यात जास्त अधिकार ज्यांना आहे, त्यातले तुम्ही आहात, आणि तुमच्याकडचीच निवेदनं सगळ्यात वाया जातात.

वर मी चोपड्याच्या काकांना जे सांगितलं, त्याला एक मोठा अपवाद आहे, आणि तो अपवाद सातपुड्यात राहतो. घटनेची पाचवी अनुसूची. अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा आणि नवापूर हे तालुके, शहादा, साक्री, शिरपूर यांचे भाग, चोपडा-यावल-रावेरची काही गावं, हे सगळं अनुसूचित क्षेत्र. इथे राज्यपाल अधिसूचना काढून एखादा कायदा लागू होणार नाही, किंवा अमुक बदल करून लागू होईल, असं ठरवू शकतात. मग तो कायदा संसदेचा असो की विधिमंडळाचा. जमिनीचं हस्तांतर आणि सावकारी यांवर विनियम करू शकतात, मात्र त्याआधी जनजाती सल्लागार परिषदेशी विचारविनिमय करावा लागतो.

हे पुस्तकातलं नाही. तुमच्या ग्रामपंचायतीला पेसाचा (अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींसाठीचा कायदा) पाच टक्के अबंध निधी थेट येतो ना, तो राज्यपालांच्या अधिसूचनेतून आला. तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक अशी पदं स्थानिक आदिवासी उमेदवारांतून भरायची, ही २०१४ ची अधिसूचनाही त्यांचीच. पुढे आंध्र प्रदेशातल्या अशाच शंभर टक्के आरक्षणाच्या आदेशावर एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बोट ठेवून तो रद्द केला, आणि आपली पेसा भरतीही कोर्टकचेरीत अडकली. म्हणजे राज्यपालांचा शब्दही शेवटचा नसतो, हे पोरांना सांगून ठेवा.

तिसरी गोष्ट तुमच्या रोजच्या उपयोगाची. वनहक्काचा दावा जिल्हा समितीने फेटाळला की पूर्वी पुढे दारच नव्हतं. मे २०२० मध्ये राज्यपालांनी अधिसूचना काढून विभागीय समितीकडे अपील करायची सोय केली. आपल्यासाठी ती नाशिकला. अशा अपिलाचं माहीत नसलेले लोक मला अजून भेटतात, आणि त्यांच्याच हातात राज्यपालांच्या नावाचं निवेदन असतं!

आता कागदाचं काय होतं ते. तहसीलदार तो जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवतात, तिथून राजभवनात (आता लोकभवन) जातो. निवेदनात कापसाचा भाव, विजेचं भारनियमन, बससेवा आणि वनहक्क अशा अकरा मागण्या असतील, तर राज्यपालांचं कार्यालय तो कागद त्या त्या खात्याकडे 'उचित कार्यवाहीसाठी' ढकलणार. दुसरं ते करू तरी काय शकतात? कापसाचा भाव त्यांच्या हातात नाही.

म्हणून एका निवेदनात एकच मागणी लिहा. ती पाचव्या अनुसूचीत कुठे बसते ते एका ओळीत सांगा, परिच्छेद ५ असा उल्लेख करा. ग्रामसभेचा ठराव जोडा, तारखेसह, अंगठे-सह्यांसह. फेटाळलेल्या दाव्याची किंवा आदेशाची झेरॉक्स जोडा. राज्यपालांच्या कार्यालयात आदिवासी कक्ष आहे, एक प्रत थेट तिथे स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती ठेवा. तहसीलदारांकडच्या प्रतीवर आवक क्रमांक टाकून घ्या, नाहीतर सहा महिन्यांनी "असं काही आलंच नाही" ऐकावं लागतं. आणखी एक. राज्यपाल अनुसूचित क्षेत्राच्या कारभाराचा अहवाल राष्ट्रपतींना देतात. तुमचा ठराव त्या अहवालासाठी विचारात घ्यावा, अशी विनंती शेवटी लिहा. फोटो काढायचा तर काढा, माझी हरकत नाही.

प्रश्न : पाडळसे धरणासाठी आम्ही राज्यपालांना साकडं घालावं का? मागास भागाला निधी वाटून द्यायचा अधिकार त्यांना आहे असं ऐकलं. — एक शेतकरी, अमळनेर तालुका

उत्तर : होता, आणि कागदावर अजूनही आहे. अनुच्छेद ३७१(२) खाली १९९४ मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी तीन विकास मंडळं झाली, आणि निधीचं न्याय्य वाटप ही राज्यपालांची विशेष जबाबदारी ठरली. आपली पंचाईत अशी की खान्देश 'उर्वरित' मध्ये पुण्या-कोल्हापूरच्या पंगतीला बसला. सरासरी काढली की आपला अनुशेष त्यांच्या सुबत्तेत झाकला जातो, आणि नव्वदच्या दशकात सुरू झालेलं तुमचं धरण या हिशेबात कुठे उठून दिसत नाही. त्यातून ३० एप्रिल २०२० ला तिन्ही मंडळांची मुदत संपली. राज्य मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये पुन्हा स्थापनेचा ठराव केला, पण आदेश राष्ट्रपतींचा लागतो, म्हणजे विषय दिल्लीचा. तेव्हा राज्यपालांऐवजी तुमच्या खासदारांना गाठा आणि दोन प्रश्न लेखी विचारा. मंडळासाठी तुम्ही संसदेत काय केलं, आणि खान्देशासाठी वेगळं मंडळ मागायला तुम्ही तयार आहात का? उत्तर आलं तर मला पाठवा, इथे छापू.