तोंडावरून वारं जाणं आणि लकवा

प्रश्न असा आहे: मामीच्या तोंडावरून वारं गेलं, असं घरात सगळे म्हणतात. डॉक्टर म्हणाले, हा लकवा नव्हे, सातवी नस सुजली आहे. मग लकवा म्हणायचं की नाही?

आजच्या मराठीत लकवा म्हटलं की हात-पाय लुळे पडलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. तसं मामींना झालेलं नाही, म्हणून डॉक्टरांनी तो शब्द टाळला असावा. पण मूळ पाहिलं तर या शब्दावर मामींच्याच दुखण्याचा पहिला हक्क! अरबी वैद्यकात 'लक्वा' म्हणजे नेमकं तोंड वाकडं होणं. अर्धं अंग जाण्याला तिथे 'फालिज' असा वेगळा शब्द. आपल्याकडे लकवा पुढे सगळ्या अंगावर पसरला.

संस्कृतातही अशीच जोडी आहे. पक्षाघात अंगाच्या एका बाजूचा, अर्दित तोंडाचा. सुश्रुतांनी अर्दित तोंडापुरता ठेवला, चरकांनी मात्र अर्ध्या अंगासह होणाराही त्यातच धरला. 'अर्द्' म्हणजे पीडा देणे. जनार्दनातला 'अर्दन' याच धातूचा.

मला सर्वांत मोलाची वाटते ती आपली बोलीच. 'अंगावरून वारं गेलं' आणि 'तोंडावरून वारं गेलं' यांत वातविकाराची जुनी कल्पना तर आहेच, पण वारं कुठून गेलं तेही सांगितलेलं आहे. लकव्याने गमावलेला भेद या बोलीने जपला आहे.

आता सातवी नस. मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या १२ जोड्या असतात, त्यांतली ही चेहरा हलवणारी. ती दुखावली की त्या बाजूला कपाळावर आठ्या पडत नाहीत, डोळा मिटत नाही, चूळ भरताना पाणी ओघळतं. जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाची चव तिच्यातूनच जाते, म्हणून जेवण बेचव लागू शकतं. कानातला एक चिमुकला स्नायूही तिच्या ताब्यात असल्याने कधी भांड्यांचा आवाजसुद्धा सोसवत नाही. चावायची ताकद मात्र शाबूत राहते, ते काम पाचवीचं. पापणी उचलते तिसरी, मिटवते सातवी. त्यामुळे 'पापणी पडली' आणि 'डोळा मिटेना' या दोन अगदी वेगळ्या तक्रारी आहेत, डॉक्टरांना नीट वेगळ्या सांगाव्यात. शिवाय जी बाजू ओढलेली, वाकडी दिसते, तीच धडधाकट असते!

कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतात. म्हणून मेंदूतल्या झटक्याने तोंड वाकडं झालं, तर आठ्या बहुधा पडतात. पण ही परीक्षा घरी करत बसू नये. तोंड अचानक वाकडं झालं, की लगेच रुग्णालय गाठावं. हात लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं, तर क्षणही दवडू नये. नुसती सातवी नस असली तरी स्टेरॉइडचं औषध ७२ तासांच्या आत सुरू झालेलं बरं.

कागदपत्रांवर 'बेल्स पाल्सी' दिसेल. चार्ल्स बेल या स्कॉटिश शल्यविशारदांनी १८२१ मध्ये चेहऱ्याच्या नसांवर निबंध मांडला होता, त्यांचं हे नाव. 'नस' शब्दही खटकू देऊ नका. तो रक्तवाहिनीलाही चालतो, म्हणून शाळेच्या पुस्तकात 'चेता' आणि विश्वकोशात 'तंत्रिका' आली, पण दवाखान्यात नसच कळते.

लिहिताना 'चेहऱ्याचा लकवा' म्हणा. घरात म्हणताय ते तसंच राहू द्या.